माझ्या डोळ्यात चिखल रुजला नव्हता

आमच्या गावात अजूनही कुणाला मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं की माझं नाव निघतं. "आबांचा डोळा कॅम्पवाल्यांनी घालवला," असं म्हणतात. परवा एसटीत पलीकडच्या वस्तीवरच्या एका माणसानं ही गोष्ट मलाच ऐकवली. मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला तिथंच खरं सांगायला हवं होतं. माझा थांबा आला आणि मी उतरलो. घरापर्यंत स्वतःशी भांडत चालत गेलो.

म्हणून लिहायला बसलो आहे. बसलो म्हणजे काय, चार ओळी झाल्या की उठतो, ओट्यावर जातो, रस्त्याकडे बघतो, परत येतो. बायको म्हणते, "लिवताय का राखण करताय?"

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. आमचं गाव कामशेतपासून आत, नाणे मावळात. लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात कढईवर नोकरी झाली. गुळाचा पाक रंगावर ओळखायचा आणि वेळेत उतरवायचा, हे काम. घरी भाताची खाचरं. श्रावणात देवळात पोथी वाचायची ती मीच. त्यामुळे गावात माझ्या शब्दाला मान होता. तो नसता तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

ज्यांना धुरकट दिसतंय आणि जे डॉक्टरपुढे बसून नीट सांगत नाहीत, त्यांनी हे वाचावं. आमच्या गावानं तर वाचावंच.

पट्टी सुटली

आधी उजव्या डोळ्यानं त्रास दिला. पोथीतल्या ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या. पुष्कळसं पाठ असल्यामुळे श्रावण निभावला, पण पान उलटायची वेळ चुकायची. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, फक्त सगुणावहिनींच्या आलं.

सगुणावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी चड्डीत शाळेत जात होतो. माझी आई लवकर गेली, त्यामुळे माझ्या दप्तरात भाकरी बांधून दिली ती वहिनीनंच. भाऊ गेल्यावर ती आमच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत एकटी राहते. मुलगी चाकणला दिली आहे. वहिनी मला म्हणाली, "भावजी, तुमी अध्याय म्हनताय का वाचताय? पान तर कवाच संपलं."

माझा मुलगा दिलीप वराळ्याला राहतो, कंपनीत आहे. त्यानं चौकशी करून माझं नाव मोतीबिंदूच्या एका मोफत कॅम्पात घातलं. त्यांची गाडी आली, आम्हाला घेऊन गेली, ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. खिडकीबाहेर जांभळीचं झाड होतं. त्याची पानं मला सुटी सुटी दिसली. पांढरी चादर इतकी पांढरी असते हे मी विसरून गेलो होतो.

ऑपरेशन करणारा डॉक्टर तरुण होता, आवाज बसलेला. त्यानं आम्हा सगळ्यांना रांगेत बसवून सांगितलं, "महिनाभर डोळ्यात पाणी नको, धूळ नको, शेतात उतरायचं नाही. पुढं कधी परत धुरकट वाटलं तर घाबरू नका. या."

शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. ते मला पुढे फार उशिरा आठवलं.

बांधावरून खाचरात

महिना पुरा व्हायच्या आतच आषाढात लावणी आली. आमच्याकडे आता बाया मिळत नाहीत. निम्म्या बंगल्यांवर कामाला जातात, निम्म्या लोणावळ्याच्या हॉटेलांत. खाचरात पाणी तुंबवून ठेवलेलं, पॉवर टिलर दुसऱ्याच्या शेतावर जायच्या घाईत, आणि उपटलेलं रोप बांधावर पडून. दिलीपचा फोन आला, "आबा, बांधावर बसायचं. खाचरात पाय ठेवायचा नाही. शपथ आहे."

मी बसलो. थोडा वेळच बसलो. रोप सुकायला लागलं की भात पिकवणाऱ्या माणसाला बसवत नाही. मी धोतर वर खोचून उतरलो.

माझी बायको शेवंता ओरडली, "डोळा सांभाळा."

"लावणी हातानं करायची असते, डोळ्यानं न्हाई," मी म्हणालो.

टिलर कोपऱ्यावर वळला आणि चिखलाचा एक फटकारा माझ्या तोंडावर आला. मी बाहीनं पुसला. संध्याकाळी डोळा लाल झाला, चुरचुरला. शेवंतानं उकळून गार केलेल्या पाण्यात फडकं बुडवून पुसून घेतला. मी तिला सांगितलं, "दिलीपला बोलू नकोस." दोन-तीन दिवसांत लाली गेली. नजर तशीच स्वच्छ. त्या श्रावणात मी पोथी खरोखर वाचली, आणि पुढचं जवळजवळ सगळं वर्ष मला उत्तम दिसत होतं.

हे वाक्य पुन्हा वाचा. मला वर्षभर उत्तम दिसत होतं. मी हे कुणालाही सांगितलं नाही.

केसाळ दिवे

दुसऱ्या वर्षी नवरात्राच्या सुमारास देवळातल्या समईच्या ज्योतींना केस फुटलेले दिसायला लागले. मग रस्त्यावरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांना. मग माणसांच्या चेहऱ्यांवर जणू कुणीतरी दुधाचा हात फिरवला. मला कारण त्याच दिवशी कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. चिखल. आत कुठंतरी कण राहिला, वर्षभर दबून होता आणि आता रुजला. बी पेरलं की उगवतं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मी डोळ्याचाही हिशोब तसाच केला.

तेव्हापासून मला एक चाळा लागला. सकाळी ओट्यावर उभं राहायचं, डावा डोळा झाकून देवळाचा कळस बघायचा, मग उजवा झाकून बघायचा. डाव्यातही मोतीबिंदू सुरू झाला होता, पण थोडं दिसायचं. परत डावा झाकायचा. कंपनीची बस आली की तिच्यावरचा नंबर. बस गेली की समोरच्या खांबावरच्या तारा. सकाळची दुपार व्हायची. शेवंता म्हणायची, "कोंबड्यावानी मान काय हलवताय?" एका जागी बसलो की वाटायचं, बसलो तेवढ्यात अजून कमी झालं असेल. उठून परत बघायचं. जेवताना उठायचो. पाहुणे आले तरी उठायचो.

दिवाळीत दिलीप आला. मी बशीत चहा ओतला तो बशीच्या कडेवरून सतरंजीवर गेला. त्यानं बशी माझ्या हातून काढून घेतली.

"आबा, उजव्यानं दिसत नाही?"

"कमी दिसतं."

"कधीपासून?"

इथं मी म्हणालो, "पयल्यापास्नंच."

का म्हणालो? वर्षभर दिसत होतं म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, मग मधे काय झालं? आणि त्यानं शपथ घातली होती. म्हातारपणी मुलाकडून बोलणी खायची मला लाज वाटली. एवढंच कारण आहे. याच्यापेक्षा मोठं कारण असतं तर मला लिहायला बरं वाटलं असतं.

शेवंता चुलीपाशी होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली.

दिलीप माझ्यावर रागावला नाही. तो स्वतःवर रागावला. "फुकटच्या कॅम्पात पाठवलं बापाला," म्हणून त्यानं कपाळाला हात लावला. मग त्या बसक्या आवाजाच्या डॉक्टरवर घसरला. देवळाच्या पारावर जाऊन चार माणसांत बोलला. गाव असं आहे की संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांचं झालं.

डॉक्टरांपुढे मुलगा बोलतो

नंतर दिलीपनं रजा काढून मला फिरवलं. एका चष्म्याच्या दुकानात जाड भिंगं मिळाली. धूर जवळ आला, एवढाच फरक पडला. एका साध्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितली आणि म्हणाले, वय झालं, नस सुकली असेल. मग एक डोळ्यांचे डॉक्टर. मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच दिलीपनं सुरुवात केली, "डॉक्टर, ह्यांचं कॅम्पात ऑपरेशन केलं, पहिल्या दिवसापासून दिसतच नाही. बिघडवलं त्यांनी." ते एकदम सावध झाले. म्हणाले, "ज्यांनी केलंय त्यांच्याकडेच घेऊन जा. दुसऱ्यानं केलेल्या डोळ्याला मी हात लावणार नाही."

दिलीप बाहेर येऊन म्हणाला, "कुणी ऐकूनच घेत नाही, आबा."

मी मान हलवली. त्यांनी काय ऐकायचं होतं? मी आत तोंड उघडलं नव्हतं. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसानं दवाखान्यात जाऊन गप्प बसायचं आणि बरोबरच्यानं बोलायचं, अशीच रीत आहे. त्या रिवाजाआड मी मजेत लपलो. मजेत नव्हे. पण लपलो.

गाडी परत गेली

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात भात झोडून झाल्यावर तीच कॅम्पची गाडी तपासणीला आमच्या गावात यायची होती. बऱ्याच जणांनी नावं दिली होती. वहिनीचे दोन्ही डोळे पिकत आलेले. तिनंही दिलं होतं.

मी हादरलो. तोच बसक्या आवाजाचा डॉक्टर आला आणि म्हणाला, आबा, बसा, बघू, तर? तो बघणार आणि चार लोकांत सांगणार की ह्यात चिखल गेलाय. माझी तशी खात्रीच होती. त्या सकाळी मी किती वेळा घरातून देवळात आणि देवळातून घरात गेलो त्याला मोजमाप नाही. पारावरची पोरं म्हणाली, "आबा, तुमीच सांगा लोकास्नी. तुमच्यावर बेतलंय." आणि त्यांनी देवळातला माईक माझ्या हातात दिला. त्याच माईकवरून पाणी सुटणार असल्याचं सांगतात, रेशन आल्याचं सांगतात.

मी म्हणालो, "ज्यांना डोळं प्यारं हायत त्यांनी गाडीत बसू नका. माझं बघा."

गाडी आली, शाळेपाशी उभी राहिली, आणि दोन-चार माणसं घेऊन गेली. वहिनी निघालीच नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडून म्हणाली, "भावजी, तुमी म्हनला म्हनून न्हाई गेले. न्हाईतर पिशवी भरून ठेवली व्हती."

वहिनीचा डावा डोळा

होळीच्या आदल्या दिवशी वहिनीचा डावा डोळा एकदम ठणकायला लागला. लाल झाला, अर्धं कपाळ धरलं, ओकारी झाली. आम्ही म्हणालो, उष्णता. धण्याचं पाणी केलं, फडकं ठेवलं. सण आहे म्हणून एक दिवस थांबलो, मग आणखी एक. चाकणहून तिची मुलगी येऊन तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली तेव्हा उशीर झाला होता. मोतीबिंदू फार पिकून आतला दाब वाढला, असं तिथं सांगितलं. तो डोळा कायमचा गेला. उजव्याचं लवकर करा, नाहीतर त्याचंही तेच होईल, असंही सांगितलं.

वहिनी घरी आली आणि म्हणाली, "आता जेवढं हाय तेवढं ऱ्हाऊ दे. भावजींचं झालं ते बघितलंय मी."

उजव्यानं तिला उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. चुलीत हात घालून जाळ चाचपायची. एकदा माझ्या देखत तिनं तव्याची कड धरली. मी धावलो. ती म्हणाली, "धावताय कुटं, झालं न्हाई का आता भाजून?"

त्या रात्री शेवंता माझ्याशी बोलली. इतके दिवस ती गप्प होती. "मी बोलले न्हाई ते तुमची आबरू म्हनून. पर त्यांचा डोळा गेला तवा मी बोलाय पायजे व्हतं. उजवाबी जाऊ द्यायचा का?"

मी सकाळी उठून कपडे केले.

पहिल्या दिवशी काय दिसलं?

मी एकटा गेलो. दिलीपला कळवलं नाही. एसटीनं कामशेत, तिथून लोकलनं तळेगाव. पायऱ्या पायानं चाचपत. तळेगावात एका बाईंचा डोळ्यांचा छोटा दवाखाना आहे असं ऐकलं होतं. रांगेत माझं बूड खुर्चीला लागेना. कंपाउंडर म्हणाला, "आजोबा, बसा की. तुमच्या येरझाऱ्यांनी फरशी झिजंल."

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. बरोबर कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा."

मी नेहमीचं सुरू केलं. कॅम्प, बिघडवलं, पहिल्यापासून. त्यांनी मला अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पट्टी काढली त्या दिवशी काय दिसलं होतं, आबा? नीट आठवून सांगा."

हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. बाहेर माणसं होती, पुढचा नंबर लागलेला होता, पण त्यांनी घाई केली नाही. पेन खाली ठेवलं.

मी म्हणालो, "जांभळीची पानं."

मग सगळंच आलं. चादर, श्रावणातली पोथी, आषाढ, टिलर, चिखल, दिलीपची शपथ, माईक. वहिनीचा डोळाही सांगितला. माझा आवाज मोठा झाला असावा, कारण कंपाउंडर दारातून डोकावून गेला. मी शेवटी म्हणालो, "चिखल आत रुजलाय, बाई. तो निघत असंल तर काढा, न्हाईतर तसं सांगा."

त्या हसल्या नाहीत. डोळ्यात औषध घातलं, थोड्या वेळानं यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"आबा, ह्यात चिखल वगैरे काही नाही."

"मग त्या डॉक्टरनं काय बिघडवलं?"

"काही नाही. ऑपरेशन छान झालंय. आपण भिंग बसवतो ना, त्याच्या मागं कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा असतो. तो काही जणांचा पुढं धुरकटतो. कुणाचा काही महिन्यांनी, कुणाचा काही वर्षांनी. कुणाची चूक नसते."

"माझी तरी?"

"तुमचीपण नाही. ऑपरेशननंतर चिखलात उतरलात हा गाढवपणा होता, जंतू गेले असते तर डोळा गेला असता. ते नशिबानं टळलं. पण हे त्यानं झालेलं नाही."

त्यांनी समजावून सांगितलं की लेसरनं त्या पडद्याला मधोमध वाट करतात. सुई नाही, टाका नाही. त्याच दिवशी केलं. लाल ठिपके दिसले, टिकटिक असा आवाज आला, दुखलं काहीच नाही. बाहेरच्या बाकावर बसवलं. मी या खेपेला खरंच बसलो. औषधाचा अंमल उतरत गेला तशी समोरच्या भिंतीवरची रंगाची पोपडी दिसली. मग पोपडीच्या आत आधीचा पोपटी रंग.

मला आनंद व्हायला हवा होता. मी उठून परत येरझाऱ्या घालायला लागलो. मी जे झाकायला खोटं बोललो ते मुळात घडलंच नव्हतं. झाकायला काही नव्हतं. जे घडलं ते त्या खोट्यानंच घडलं, आणि ते घरी भिंतीपलीकडे तवा चाचपत होतं.

बाईंनी जाताना विचारलं, "आबा, वहिनींना कधी आणताय?"

सांगणं

दिलीपला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आबा, मी त्या डॉक्टरला एवढे दिवस शिव्या देतोय." पुढं म्हणाला, "माझी एवढी भीती वाटत होती तुम्हाला?" तो त्या आठवड्यात आला नाही. पुढच्या आठवड्यात आला.

गाडीत न बसलेल्या माणसांच्या घरी मी गेलो, एकेका दारात. काहींनी पाणी दिलं आणि ऐकून घेतलं. एक जण म्हणाला, "आबा, आदी म्हनता जाऊ नका, आता म्हनता जावा. उद्या काय म्हनाल?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

वहिनीकडे सगळ्यात आधी जायला हवं होतं. मी सगळ्यात शेवटी गेलो. ती उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. मी उभ्यानंच सांगितलं. ती सोलत राहिली.

"तुमी चिखलात उतरलता ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "लावणीला व्हत्या तेवढ्या बायांनी बघितलं. आन त्या श्रावणात तुमी पोथी वाचली तवा पान येळेवर उलटत व्हतं, तेबी माझ्या कानानं ऐकलं."

मी म्हणालो, "मग गाडीत का न्हाई बसलीस?"

"तुमी माईकवरनं सांगितलं. मला वाटलं, भावजी एवढ्या लोकांत खोटं कसं बोलतील? माझंच बघन्यात काय तरी चुकलं असंल."

लसणाची टरफलं तिनं सुपात गोळा केली. मला वाटलं ती आता रडेल किंवा शिवी देईल. शिवी दिली असती तर मी बसलो असतो. मी उभाच.

"आता परत तुमीच सांगताय जा म्हनून," ती म्हणाली. "हा एकच ऱ्हायलाय, भावजी. हा गेला तर मला शेण आन भाकर येक व्हनार."

तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. तिच्या मुलीकडून मागवलेले मोठ्या दवाखान्यातले कागद बघून तळेगावच्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, मोतीबिंदू दगडासारखा झालाय, एकच डोळा आहे, मी खात्री देणार नाही. पण नाही केलं तर काय होणार ते तुम्ही बघितलंय. म्हणजे पुन्हा माझ्या शब्दावर तिनं उठायचं होतं, आणि या खेपेला शब्द खरा असून पुरा पडत नव्हता. मी तिला बाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. खात्री नाही, हेही सांगितलं. गोड करून सांगायची फार इच्छा झाली होती.

ती म्हणाली, "ह्ये पटलं. खात्री हाय म्हनला असता तर गेले नसते."

दाराबाहेर

ऑपरेशनला बाईंनी त्यांच्या वयस्क सरांनाही बोलावून घेतलं होतं. वहिनीला हिरवा झगा घातला तेव्हा ती म्हणाली, "ह्यो रंग मला शोभतुया का, शेवंता?" तिला रंग दिसत नव्हता, कुणी तरी आधी सांगितला असावा.

दार लागलं. मी चालायला लागलो. बाकापासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून बाकापर्यंत. वहिनीनंतर आत गेलेला एक माणूस बाहेर आला, त्याच्या नंतरचाही. शेवंता म्हणाली, "बसा." दिलीप म्हणाला, "फिरू दे त्यांना." मी मनात देवाचं नाव घेत होतो म्हणेन तर ते पुन्हा खोटं होईल. एकच विचार चालू होता, ती आंधळी झाली तर मी भिंतीपलीकडे राहू शकेन का? म्हणजे तेव्हाही मी माझाच विचार करत होतो. हेही लिहून टाकतो.

सर बाहेर आले, टोपी काढली, म्हणाले, "अवघड होतं. झालंय. उद्या पट्टी काढल्यावर कळेल."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. नर्सनं समोर बोटं धरली आणि विचारलं, "आजी, किती?"

वहिनी तिच्या हाताकडे बघत राहिली.

"बोटं काय दाखवतीस," वहिनी म्हणाली, "त्या बांगड्या कुटनं घेतल्यास ते सांग. डिझाईन लय चांगलं हाय."

शेवंता तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. दिलीपनं माझा दंड धरला होता. वहिनीनं मग आमच्याकडे एकेक करून बघितलं. माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ.

थेंब

डोळ्यात औषध घालायचं काम मी मागून घेतलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपताना. आधी साबणानं हात धुवायचे. बाटलीचं तोंड डोळ्याला लागू द्यायचं नाही. ती खाटेवर आडवी पडते, मी वरून वाकतो.

तो पहिला डॉक्टर, बसक्या आवाजाचा, त्याचं नाव मला माहीत नाही. मी चौकशी केली, पण त्या वेळचे लोक आता तिथं नाहीत असं कळलं. त्याच्या कानावर हे कधी गेलं तर एवढंच सांगायचं आहे, की तुम्ही 'या' म्हणाला होतात. मी आलो नाही.

माझा डावा डोळा पुढच्या महिन्यात करायचा आहे. बाईंनी विचारलं, "भीती वाटते का?" मी हो म्हणालो. आता दवाखान्यात विचारतील ते सांगतो. तुम्हीही सांगा. किती दिसतं, कधीपासून, मधे काय झालं, काय लपवलं. मुलगा बरोबर असेल तर त्याला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगा.

काल दुपारी बाटली हातात घेऊन मी वहिनीवर वाकलो होतो. एवढ्या जवळून तिचे दोन्ही डोळे दिसतात. उजवा काळाभोर, ओला. डावा भुरका, हलतो पण बघत नाही. माझा हात थांबला. मी म्हणालो, "वहिनी, मला माफ केलंस का?"

तिनं उजव्या डोळ्याखाली बोट टेकवलं.

"ह्या डोळ्यानं केलं," ती म्हणाली. "त्या डोळ्याचं मला इचारू नका."

मी तसाच वाकून उभा राहिलो. डाव्या डोळ्याकडे बघता बघता बाटली दाबली गेली. थेंब तिच्या गालावर पडला आणि कानाकडे ओघळला.

"वाया घालवताय कशाला," वहिनी म्हणाली. "बोलू नका. नीट बघा आन टाका."